सीलबंद स्ट्यू

रेकॉर्डसाहेब स्वयंपाक करणार आहेत ही बातमी इमारतभर पसरायला साधारण अकरा मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं तर त्यांच्या बायकोचं हसू थांबण्यात गेली. हसू थांबल्यावर तिने समोरच्या दाराशी जाऊन एकच वाक्य सांगितलं, आणि पुढचं काम जिन्याने केलं.

रेकॉर्डसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या तळघरात त्यांनी एकतीस वर्षं रेकॉर्डरूम सांभाळली, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनीही ते मान्य केलं. त्या तळघरात कुठलाही कागद सात टेबलांचे अभिप्राय घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. आणि पाकीट बाहेर जायचं असेल, तर ते सुतळीने बांधून, गाठीवर लाख ओतून, त्यावर पितळी शिक्का उठवूनच जायचं. एकतीस वर्षांत एकही सील फुटलं नाही, असं निरोपसमारंभात वरच्या साहेबांनी भाषणात सांगितलं. सगळा कारभार संगणकावर गेल्याने तो शिक्का आता निरुपयोगी झाला होता. म्हणून तो एका डबीत घालून, सोबत उरलेल्या लाखेच्या दोन कांड्या ठेवून, त्यांनाच भेट दिला. ती डबी त्यांनी कपाटात सर्वांत वरच्या खणात ठेवली होती. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

अशा माणसाने स्वयंपाकघरात शिरायचं कारण काय? तर लेक.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना लेकीने जाहीर केलं, की आजपासून मी मटण खाणार नाही, मासळी नाही, काही नाही. रेकॉर्डसाहेबांच्या हातात तेव्हा नळी होती आणि ती ऐन रंगात आली होती. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, "या घरात दोन चुली पेटणार नाहीत." वाक्य म्हणून ते चांगलं होतं. कचेरीत असं वाक्य त्यांना कधी सुचलं असतं, तर इतिवृत्तात गेलं असतं. इथे ते लेकीच्या मनात गेलं. पुढच्याच महिन्यात तिने नोकरीचं निमित्त करून शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. तेव्हापासून ती महिन्यातून एक रविवार यायची, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर पर्स मांडीवर घेऊन बसायची, चहा प्यायची आणि जायची. जेवणाचा विषय निघायच्या आत म्हणायची, "जेवून आलेय." दोन वर्षांत असं एकवीस वेळा झालं होतं. हा आकडा अंदाजे नाही. रेकॉर्डसाहेबांनी तो डायरीत टिपून ठेवला होता.

आता झालं असं, की न्हाणीघरात पाय घसरून बायकोचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. येत्या रविवारी दुपारी लेक आईला बघायला येणार होती.

"या वेळीही ती जेवून आलेय म्हणाली ना," बायको म्हणाली, "तर मी रडेन. आणि या हाताने मला धड डोळेसुद्धा पुसता यायचे नाहीत."

रेकॉर्डसाहेब म्हणाले, "मी करतो काहीतरी. तिला चालेल असं."

याच वाक्यानंतर ती दहा मिनिटं हसली.

कृती त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका जुन्या मासिकातून उतरवून घेतली. भाज्यांचा स्ट्यू आणि त्यावर डंपलिंग. म्हणजे गाजर, बटाटा, कांदा, मटार, अळंबी असं सगळं दाटसर शिजवायचं आणि त्या रश्शावर मैद्याचे, लोण्याचे, दुधात भिजवलेले गोळे सोडून वर झाकण ठेवायचं. वाफेवर गोळे दुप्पट फुगतात आणि कापसासारखे हलके होतात, असं मासिकात म्हटलं होतं. कलम नऊ त्यांनी लाल शाईने अधोरेखित केलं होतं : डंपलिंग घातल्यावर वीस मिनिटं झाकण अजिबात उघडू नये. आणि सवयीप्रमाणे, कागदाच्या डाव्या बाजूला चार बोटं समास सोडला होता.

हा समासच पुढे त्यांना भोवला. कारण कोरा समास दिसला, की रेकॉर्डसाहेबांना चैन पडत नसे. ज्या कागदावर कुणाचाच अभिप्राय नाही त्यावर अंमल कसा करायचा? त्यांनी ती कृती एका पुठ्ठ्याच्या फायलीत लावली, वर 'अभिप्रायार्थ' असं लिहिलं, आणि इमारतीत फिरवायला सोडली. एखाद्या साध्या माणसाने शेजारणीला विचारलं असतं, "अहो, मैदा किती घालू?" आणि विषय संपला असता.

फाइल पहिल्यांदा गेली कॅप्टनकडे. कॅप्टन दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी जहाज कधी चालवलं नव्हतं, जहाजावरचा भटारखाना चालवला होता. पण पाण्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला आचारी म्हणायला लोकांना संकोच वाटायचा. त्यांनी समासात लिहिलं : 'बोकडाचं हाड नसेल तर हा स्ट्यू नव्हे. गरम पाण्यात भाजी बुडवली, एवढंच. तरीही करायचाच असेल तर कांदा काळा होईपर्यंत परतावा.' त्यानंतर फाइल तिसऱ्या मजल्यावर विज्ञानाच्या बाईंकडे गेली. त्या शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटली तरी शिकवायच्या. त्यांनी गोळे फुगवणाऱ्या बेकिंग पावडरची अभिक्रिया आकृतीसह समजावून दिली आणि खाली लिहिलं : 'कांदा कोणत्याही परिस्थितीत काळा होऊ देऊ नये.' मग फाइल तळमजल्यावर इमारत समितीच्या सचिवांकडे गेली. त्यांनी लिहिलं : 'वरील दोन्ही मुद्दे रास्त आहेत. त्यानुसार कार्यवाही व्हावी.'

"आता काळा करायचा की नाही करायचा?" बायकोने विचारलं.

"अर्धा," रेकॉर्डसाहेब म्हणाले. पण त्यांचा स्वर पडला होता.

पुढचा अडथळा भांड्याचा. घरातली सगळी पातेली निमुळती, आणि डंपलिंगला फुगायला ऐसपैस जागा हवी. तसं एक भांडं इमारतीत होतं. जिन्याखालच्या सामाईक खोलीत समितीचं रुंद, जाड बुडाचं, दोन कानांचं पातेलं होतं. त्याचं झाकण एवढं जड होतं, की ते एकट्या माणसाने उचललं तर दुसऱ्याने त्याला धरावं. रेकॉर्डसाहेब सचिवांकडे ते मागायला गेले. सचिवांनी चष्मा लावला, नियमावली काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. सामाईक भांडी खासगी कामासाठी मिळणार नाहीत. किमान दहा सदस्यांचा सहभाग असलेल्या कार्यक्रमासाठीच मिळतील. अर्ज दोन प्रतींत. कार्यक्रमस्थळाचं दार सदस्यांना खुलं असावं.

"हा कुठला मूर्ख नियम आहे?" रेकॉर्डसाहेब संतापून म्हणाले.

सचिवांनी शांतपणे पान उलटून खालची सही दाखवली. मसुदाकार : रेकॉर्डसाहेब. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्या पातेल्यात रजया भिजवल्या, तेव्हा त्यांनीच एका बैठकीत हा मसुदा मांडला होता. आणि तो एकमताने मंजूर झाला म्हणून आठवडाभर खुशीत होते.

"स्वतःचं अक्षर ओळखता ना?" सचिव म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते, पण हा आनंद त्यांना सोडवेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. शनिवारी सकाळी रंगीत तालीम करायची. तिला इमारतीतल्या दहा जणांनी चव बघायला यायचं. म्हणजे कार्यक्रम सामुदायिक झाला. मग तेच भांडं रविवारीही ठेवून घ्यायला हरकत नाही, फक्त दार मात्र दोन्ही दिवस उघडं हवं.

शनिवारी अकरा वाजता रेकॉर्डसाहेबांच्या स्वयंपाकघरात दहाऐवजी चौदा माणसं होती. बायको कोपऱ्यात खुर्ची टाकून प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. रेकॉर्डसाहेब गाजरं चिरत होते. शेजारी पट्टी होती, कारण मासिकात एक सेंटिमीटरचे तुकडे म्हटलं होतं आणि गाजर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक का असतं, याचा त्यांना मनापासून राग येत होता. कॅप्टन त्यांच्या उजव्या खांद्यावरून बघत होते आणि विज्ञानाच्या बाई डाव्या खांद्यावरून. कांदा अर्धा काळा झाला. म्हणजे पातेल्याच्या एका बाजूचा पूर्ण काळा आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण कच्चा.

तरीही स्ट्यू शिजला. गोळे वर सोडले. झाकण बसलं. रेकॉर्डसाहेबांनी घड्याळ लावलं आणि कलम नऊ मोठ्याने वाचून दाखवलं. "वीस मिनिटं! अजिबात उघडू नये!"

तेवढ्यात खालून कुणीतरी पाण्याच्या मोटारीबद्दल हाक मारली, म्हणून ते दारापर्यंत गेले. दार ते शेगडी हे अंतर अकरा पावलं. त्या अवधीत झाकण चार वेळा उघडलं गेलं. "नुसतं बघत होतो," सचिव म्हणाले. "वाफ नीट धरलीय का ते तपासायला नको?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. आणि ज्याने ज्याने उघडलं, त्याने त्याने चव घेतली, आणि मीठ कमी वाटल्यामुळे चिमूटभर टाकलं. पहिल्याला खरंच कमी वाटलं असेल. चौथ्याला कमी कसं वाटलं, हे कुणाला सांगता येईना.

वीस मिनिटांनी झाकण निघालं, तेव्हा आत चौदा चपटे, ओले, पांढुरके दगड बुडाले होते. रश्शाने तोंड कडू झालं, इतकं मीठ. पण त्याखाली चव होती. बरीच चव होती. भाज्यांच्या मानाने जरा जास्तच चव होती.

"लागतोय ना?" कॅप्टन खिशातून चकचकीत कागद काढून दाखवत म्हणाले. "हाडांच्या रश्शाची वडी. खास माझ्याकडची. एक टाकली, म्हटलं तुमची लाज राखावी."

रेकॉर्डसाहेबांनी तो कागद हिसकावून घेतला.

"अहो, ती खात नाही!" रेकॉर्डसाहेबांचा आवाज चिरकला. "तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

"त्यात मांस कुठेय? नुसता अर्क. आणि उद्याही एखादी टाकलीत तर तिला कळणार कसं?"

हे वाक्य कॅप्टननी अगदी भाबडेपणाने उच्चारलं. मनात काळंबेरं काही नव्हतं. पण रेकॉर्डसाहेबांना ते टोचलं. लेकीला कळणार नाही, हे खरंच होतं. पण मग याच न्यायाने आपण तिला 'यात काही नाही हो' असं म्हटलं, तर तिने ते खरं का मानावं? नळी चोखता चोखता दोन चुलींचा निकाल देणाऱ्या माणसाच्या शब्दावर? त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना नेहमी राग यायचा. त्यांनी सगळ्यांना वाट्या दिल्या आणि स्ट्यू घरी न्यायला सांगितलं. गंमत म्हणजे, तक्रार करत करत लोकांनी तो संपवला. कॅप्टननी दोनदा घेतला.

त्या दुपारी रेकॉर्डसाहेबांनी एकट्याने ते पातेलं गरम पाण्याने आणि साबणाने तीन वेळा घासलं. झाकणही घासलं. मग फायलीत नोंद केली : 'शनिवारचा स्ट्यू बाद. कारण : हाडाची वडी (एक). कृतीतील "मीठ" या शब्दाबाबतचे सर्वांचे अधिकार काढून घेण्यात येत आहेत. मिठाबाबत स्वतंत्र निर्णय घेण्यात येईल.' आणि मग स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणातली डबी काढली.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"बंदोबस्त," ते म्हणाले.

रविवारी साडेदहाला त्यांनी काम सुरू केलं. दार नियमाप्रमाणे उघडं होतं, पण दारात आडवं टेबल लावलं होतं. टेबलाच्या पलीकडे कालचीच मंडळी उभी होती, कारण सामुदायिक कार्यक्रम एकदा सुरू झाला की थांबवायचा कसा, याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. रेकॉर्डसाहेबांनी कांदा लालसर परतला. भाज्या शिजल्या, रस्सा आळला. गोळे त्यांनी एकाच आकाराचे केले आणि पृष्ठभागावर ओळीत सोडले. झाकण ठेवलं. मग खिशातून सुतळी काढली, झाकणाच्या मुठीतून ओवून पातेल्याच्या दोन्ही कानांना ताणून बांधली, प्रत्येक कानाशी एक गाठ मारली, मेणबत्तीवर लाखेची कांडी वितळवून दोन्ही गाठींवर भरपूर ओतली आणि शिक्का उठवला. डावीकडे एक, उजवीकडे एक. वेळ लिहिली, अकरा बावन्न. आता या पातेल्यात जे आहे ते आहे, आणि त्यात दुसरं काही जाणार नाही. एकतीस वर्षं ज्या समाधानाने ते घरी येत, ते समाधान त्यांना पुन्हा एकदा वाटलं.

"अहो, हे खायचं आहे की कोर्टात पाठवायचं आहे?" बायको म्हणाली.

रेकॉर्डसाहेबांनी खरं तर एका गोष्टीचा विचार केला नव्हता. कचेरीतली पाकिटं कधी शेगडीवर ठेवत नसत.

बारा वाजून पाच मिनिटांनी डाव्या कानावरच्या शिक्क्याला घाम फुटला. सातला अक्षरं पुसट झाली. आठला दोन्ही सीलं वितळून झाकणाच्या कडेकडेने पसरायला लागली. झाकण बाहेरून बसणारं होतं, त्यामुळे आत थेंबही गेला नाही. बाहेर मात्र लाल ओघळ पातेल्याच्या पोटावरून शेगडीकडे निघाले आणि घरात जुन्या पोस्टासारखा वास सुटला.

"गॅस बंद करा!" टेबलापलीकडून कुणीतरी ओरडलं.

"वीस मिनिटं व्हायचीत!" रेकॉर्डसाहेब ओरडले. त्यांनी बारा बारापर्यंत तग धरला, एका हाताने फडक्याने ओघळ टिपत आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून. मग गॅस बंद केला, सुतळी कापली आणि झाकणाची मूठ ओढली. झाकण हललं नाही. कडेची लाख थोडी आळून चिकट झाली होती. कॅप्टन टेबल ओलांडून आले आणि त्यांनी मूठ धरली. त्यांच्या मागोमाग आलेल्या सचिवांनी फडक्याने पातेल्याचे कान धरले. दोघांनी जोर लावला, तेव्हा झाकणासकट पातेलं वर आलं. त्याला लाखेने चिकटलेली शेगडीची जाळीही आली आणि जाळीबरोबर सचिव. लाखेचे लांबच लांब धागे निघाले आणि सगळ्यांच्या हातांना, रेकॉर्डसाहेबांच्या शर्टाला, बायकोच्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरला चिकटले.

आणि दार उघडं असूनही, पाहुण्याने वाजवावी तशी, बेल वाजली.

गर्दीतून वाट काढून लेक दारात उभी होती. तिने चप्पल काढता काढता, समोर कोण आहे हे न बघताच सांगून टाकलं, "जेवून आलेय मी."

बाविसावी वेळ. रेकॉर्डसाहेबांनी मनात नोंद केली. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, शर्टावर लाल डाग, कपाळावर लाल रेघ, असे ते आडव्या टेबलापलीकडे, शेगडीपाशी उभे होते.

लेकीने वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा! काय लागलं?" पर्स तिथेच पडली. ती टेबलाखालून वाकून थेट स्वयंपाकघरात आली आणि त्यांचे हात धरून उलटसुलट करून बघू लागली. दोन वर्षांत ती बाहेरच्या खोलीच्या पुढे आली नव्हती.

"लाख आहे," ते पुटपुटले. "नुसती लाख आहे गं."

"लाख कशाला?"

तेव्हा चौघा-पाचांनी एकदम सांगायला सुरुवात केली. त्या गलक्यातून विज्ञानाच्या बाईंचा आवाज वर आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा असाच तो घडवलेला होता. "पण रेकॉर्डसाहेब, तुम्हाला माहीत आहे ना, लाख किड्यांपासून मिळते?"

कॅप्टननी आपल्या हातावरची लाख निरखून बघितली.

"कशापासून?" रेकॉर्डसाहेब म्हणाले.

"किड्यांपासून. झाडावरचे बारीक किडे असतात, त्यांच्या अंगातून ती पाझरते. प्राणिजन्य पदार्थ आहे तो."

रेकॉर्डसाहेब हळूच स्टुलावर बसले. शनिवारी हाडाची वडी बाहेर काढली, तीन वेळा भांडं घासलं, दारात टेबल लावलं, आणि शेवटी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शिक्क्याने पातेल्याभोवती किडे लावले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांना एकाएकी फार लांबलेली वाटली.

आणि लेक हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग भिंतीला टेकून. हसायची पद्धत थेट आईची, दहा मिनिटं चालणारी. "बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "बाहेरच आहे ना ती? मग? मी काय पातेलं चाटणार आहे?" मग कॅप्टनना पुन्हा मूठ धरताना बघून ती पुढे झाली. "सोडा काका. गरम लाख ओढली की लांबत जाते. गार होऊ द्यायची, मग टिचकी मारली की तुटते. लहानपणी यांनीच मला शिकवलंय. शाळेला सुट्टी असली की मी रेकॉर्डरूममध्येच असायचे."

रेकॉर्डसाहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला आपलंच ज्ञान आठवत नाही.

पातेलं खाली उतरवलं. कडेला ओली फडकी गुंडाळली, ती तापली की बदलायची आणि वाट बघायची. मंडळी दाराबाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. लेकीला मात्र स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती, म्हणून ती ओट्यावर चढून बसली, जशी पूर्वी बसायची. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. हाताला काही चाळा हवा, म्हणून तिने ती पुठ्ठ्याची फाइल उघडली. समास वाचताना ती मधूनमधून हसत होती. मग शनिवारच्या नोंदीवर आली आणि हसायची थांबली.

"हे सील तुम्ही माझ्यासाठी लावलंत?"

"पुरावा म्हणून," रेकॉर्डसाहेब फडक्याकडे बघत म्हणाले. "त्यात काही नाही, याचा."

"तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी मी मानलं असतं की."

रेकॉर्डसाहेबांनी फडकं पिळलं, पुन्हा गुंडाळलं. "एकदा नुसतंच सांगितलं होतं गं मी," ते म्हणाले. "चुलीबद्दल. ते तू मानलंस. दोन वर्षं मानलंस. मी चुकलो होतो."

हे सगळ्या जिन्यासमोर म्हणावं लागेल असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण दार नियमाप्रमाणे उघडं होतं. बायकोने डाव्या हाताने डोळे पुसले. लेक ओट्यावरून उतरली, तिने चमचा घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूने झाकणाच्या कडेवर टकटक करत पूर्ण एक फेरी मारली. लाख टपटप तुटून पडली. झाकण निघालं.

आत चौदा डंपलिंग नव्हते. फुगता फुगता सगळ्यांचं मिळून एकच झालं होतं. पांढरी, गुबगुबीत, पातेल्याच्या काठापासून काठापर्यंत पसरलेली गादी. कुणीच झाकण उघडलं नव्हतं ना. "फुगलंय!" जिन्यातून कॅप्टन ओरडले. विज्ञानाच्या बाईंनी अभिक्रिया पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

लेकीने एक तुकडा मोडला, त्याखालचा रस्सा वाटीत घेतला आणि खाल्ला. जेवून आलेय वगैरे काही म्हणाली नाही. सावकाश चावलं. दुसरा घास घेतला. तिसरा घेताना जरा थांबली.

"कसा झालाय?" रेकॉर्डसाहेबांनी विचारलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

त्यांच्या खिशाला नेहमी पेन असे. तिने फाइल गुडघ्यावर धरली आणि समासात सचिवांच्या अभिप्रायाखाली उरलेल्या जागेत लिहिलं. मग फाइल त्यांच्याकडे दिली. रेकॉर्डसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं :

'डंपलिंग मान्य. स्ट्यूत मीठ अजिबात नाही. दुरुस्तीसह पुढच्या रविवारी फेरसादर करावे.'

मिठाबाबतचा स्वतंत्र निर्णय घ्यायचा राहूनच गेला होता. रेकॉर्डसाहेबांनी ते तीन वाक्यांचं टिपण दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त शेवटचं वाक्य वाचलं. महिन्याने नव्हे, पुढच्या रविवारी.

"तारीख घातली नाहीस," ते म्हणाले.

तिने तारीख घातली.

"अहो, आता मीठ द्या ना कुणीतरी तिला," बायको म्हणाली. कॅप्टन जिन्यातून उठले, पण रेकॉर्डसाहेबांनी हाताने त्यांना तिथेच थांबवलं आणि स्वतः मिठाची बरणी शोधायला फडताळाकडे वळले. बरणी समोरच होती. तरी ती त्यांना बराच वेळ सापडेना. चष्म्यावर स्ट्यूची वाफ आलीय, असं त्यांनी पाठमोऱ्यानेच सांगितलं. स्ट्यू गार होऊन तेव्हा अर्धा तास तरी झाला असेल.